राखेतलं काळं

माझा डिप्लोमा झाला होता आणि बॉयलरची परीक्षा मी पहिल्याच झटक्यात पास झालो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं असं कुणी म्हणायला नको. अडाणी माणसाच्या हातून ते झालंच नसतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत रुद्रप्पाशेठचा चादरींचं सूत रंगवायचा कारखाना होता. रंगाच्या टाक्यांना वाफ लागायची, वाफेसाठी बॉयलर, आणि बॉयलरवर सुपरवायझर मी. चौऱ्याहत्तर साली मे महिन्यात रेल्वेचा संप झाला आणि कोळशाच्या वॅगनी अडकून पडल्या. संप मिटल्यावर कोळसा आला तो निव्वळ चुरा. पूर्वी आठवडाभर पुरणारा ढीग पाच दिवसांत संपायला लागला.

रुद्रप्पाशेठनी मला बोलावलं. "तम्मा," ते म्हणाले. आमच्या कानडी घरांत धाकट्या भावाला असं म्हणतात, आणि शेठ खुशीत असोत की रागात, मला तम्माच म्हणायचे. "कोळसा कुटं जातोय ते महिन्याच्या आत शोध. न्हाईतर दुसरी पाळी बंद करावी लागंल. चाळीस माणसं घरी बसतील की."

मी छाती काढून "शोधतो" म्हणालो. वाफेच्या पाइपांना सुतळी गुंडाळून वर मातीचा लेप दिला. गळके व्हॉल्व्ह बदलले. सगळं पुस्तकात होतं तसं केलं, आणि कोळसा होता तेवढाच लागत राहिला. आता दोनच शक्यता उरल्या. एक तर माझ्या भट्टीत काहीतरी चुकत होतं, नाहीतर कोणीतरी कोळसा चोरत होतं. पहिली शक्यता माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

भट्टीखालची राख ओढून मागच्या आवारात टाकायचं काम तानाबाईकडे होतं. पन्नाशीची बाई, बुधवार पेठेतून चालत यायची. राख चाळून त्यात अर्धवट जळालेलं जे सापडेल ते राखेवरच्या बाईनं आपल्या चुलीला न्यावं, अशी आमच्याकडे जुनी रीत होती. आधी तिच्या पाटीच्या तळाशी मूठ-दोन मुठी काळं असायचं. आता पाटी शिगोशीग भरून जात होती, आणि ती डोक्यावर घ्यायला तिला दुसऱ्याचा हात लागत होता.

एकदा ती मला म्हणाली होती, "साहेब, राखंत लई काळं यायलंय."

मी पेपर वाचत होतो. "राख काळीच असते," मी म्हणालो.

"न्हाय साहेब, राख पांढरी असती," ती म्हणाली आणि कामाला लागली. मला तिच्या आगाऊपणाचा रागच आला.

त्या शनिवारी पाळी सुटायच्या वेळी मी गेटवर जाऊन उभा राहिलो. तानाबाई आली तशी मी वॉचमन निंगप्पाला तिची पाटी पालथी करायला सांगितली. भसकन काळा ढीग जमिनीवर पडला. सायकलवाले खाली उतरले, गर्दी झाली. गर्दी पाहून मला आणखी जोर चढला.

"राखेत एवढा कोळसा येत नसतो. हा ढिगातला आहे."

"साहेब, राखंतलाच हाय. ढिगाला मी हात लावत न्हाय." तिनं खाली वाकून एक खडा उचलला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यो बगा, एका अंगानं जळलाय. हातात घिऊन बगा की."

मी हात मागे घेतला. माझा शर्ट पांढरा होता म्हणून, असं मी तेव्हा मनाला सांगितलं. शर्ट पांढरा होता हे खरं आहे, पण हात त्यामुळे मागे गेला नव्हता. तो खडा कुणाच्या हातात आहे हे पाहून गेला होता. हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही.

"चोर ती चोर, वर तोंड करून बोलते," मी म्हणालो. चाळीस माणसांदेखत. भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन सिद्राम माझ्या शेजारीच उभा होता. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

सोमवारपासून तानाबाईचं काम बंद झालं. चोर सापडला म्हणून शेठ माझ्यावर खूश झाले. आणि कोळशाचा ढीग पुन्हा पाच दिवसांत संपला.

त्यानंतर दहाएक दिवसांनी, दुपारच्या चहाच्या वेळी, मागच्या आवारातून धूर यायला लागला. राख चाळायला कोणी नव्हतं, तिचा ढीग कमरेएवढा झाला होता आणि तो आपोआप आतून धुमसत होता. मी फावड्याने ढीग फोडला. आत लाल निखारे, आणि निखाऱ्यांच्या भोवती काळाकुट्ट चुरा. नुसती राख धुमसत नाही, हे मला परीक्षेतसुद्धा लिहिता आलं असतं. मी पांढऱ्या शर्टानिशी खाली बसलो आणि दोन्ही हातांनी ती राख चाळली. तीन पाट्या राखेतून एक पाटी कोळसा निघाला. एका अंगानं जळलेला.

"सिद्राम, तुला माहीत होतं?"

"व्हय साहेब. चुरा भट्टीच्या जाळीच्या फटीतनं न जळताच खाली पडतोय. तानाबाई म्हणायची, घरी आमी चुरा भिजवून टाकतो, म्हंजी त्यो चिकटून ऱ्हातो, तसा टाका. पर तुमी म्हणला व्हता, वल्ला कोळसा भट्टीत जाता कामा न्हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तिनं सांगितलं की. तिचं काय झालं ते बगितलं."

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्ही चुरा भिजवून टाकायला लागलो. भट्टीतला कोळशाचा थर पातळ ठेवला, जाळीला अरुंद फटींच्या सळया बसवल्या. ढीग पुन्हा आठवडाभर पुरायला लागला, वर थोडा उरायलाही लागला. दुसरी पाळी वाचली. रुद्रप्पाशेठनी सगळ्या कामगारांसमोर माझ्या खांद्यावर शाल घातली. "आमच्या तम्मानं डोकं चालवलं," ते म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय आहे.

ती शाल घरी ठेवली आणि तसाच सायकल काढून बुधवार पेठेत गेलो. तानाबाई तुरीच्या ओल्या काटक्या फुंकत बसली होती, डोळे लाल झाले होते. मी दारात उभ्यानेच बोललो. माझं चुकलं, कोळसा राखेतलाच होता, उद्यापासून कामावर या. पहिल्यांदाच मी तिला अहोजाहो केलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "येते की," ती म्हणाली. "पर जितं चोर म्हणला, तितंच उबं ऱ्हाऊन न्हाय म्हणा. पाळी सुटताना. तेवढ्याच मान्सांम्होरं."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना ती गेटच्या कडेला, पाटी कमरेवर घेऊन उभी होती. तीच माणसं, त्याच सायकली. मी घसा साफ केला. म्हणायचं होतं ते चारच शब्दांचं होतं: ही बाई चोर नव्हती. त्यापुढे म्हणायचं होतं, चूक माझ्या भट्टीत होती आणि उपाय हिचा होता. तेवढ्यात रुद्रप्पाशेठ ऑफिसच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"तानाबाई उद्यापासून कामावर येतील," मी म्हणालो. "थोडा गैरसमज झाला होता."

माणसं थोडा वेळ थांबली. मग सायकलच्या घंट्या वाजवत निघून गेली.

"झालं व्हय साहेब?" तानाबाईने विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली. संध्याकाळी सुटताना गेटवर थांबली आणि कुणी काही न सांगता तिनं पाटी निंगप्पासमोर पालथी केली. चिमूटभर पांढरी राख खाली पडली. राखेत आता काळं येत नव्हतं. तिच्याच सांगण्यावरून मी भट्टी सुधारली होती आणि तिच्या चुलीचा कोळसा बंद केला होता.

"जा की बाई, कोण इचारतंय तुला?" निंगप्पा म्हणाला.

 तिनं पाटीच्या बुडावर दोनदा थापटलं, वर माझ्या केबिनच्या खिडकीकडे एकदा पाहिलं आणि चालू लागली. काम सोडेपर्यंत, पुढची सात वर्षं, तिनं रोज हेच केलं. मी रोज खिडकीत असायचो. केबिनपासून गेट वीस पावलांवर होतं.