मुलाखतीच्या खोलीतलं जेवणाचं टेबल

मी टेबल बोलतोय. मला मीटिंगचं टेबल म्हणाल तर याद राखा! मी जेवणाचं टेबल आहे, आईच्या स्वयंपाकघरातलं.

सुताराने घडवताना माझा एक पाय किंचित आखूड ठेवला. "चालतंय," म्हणाला आणि मजुरी घेऊन गेला. तेव्हापासून मी डुगडुगतो. तरी कुणाच्या पेल्यातलं पाणी कधी सांडू दिलं नाही. माझ्यावर भाजी चिरली गेली, अभ्यास झाले, ताई आणि धाकट्याची कडाक्याची भांडणं झाली.

पुढे त्याच दोघांनी माझ्यावर कॉम्प्युटर मांडले. नळ गळला, दिवे गेले, की घरबसल्या कारागीर बोलावता येईल असं ॲप त्यांना काढायचं होतं. धाकटा फोनवर गोड बोलून गिऱ्हाईकं पटवायचा, ताई मान मोडून प्रोग्राम लिहायची. एकदा ऐन वेळी सगळं बंद पडलं, तेव्हा तिने हातातलं गरम पातेलं तसंच माझ्या अंगावर टेकवलं आणि कामाला लागली. त्याचा काळा डाग अजून आहे. आई फार ओरडली होती, पण मला तो डाग आवडतो.

ॲप चाललं. चाललं कसलं, सुसाट सुटलं! काचेच्या भिंतींचं ऑफिस झालं. "आपलं टेबल तिथे हवंच," धाकटा म्हणाला.

"न्या," आई म्हणाली, "पण दिलं नाहीये हं. वापरायला देतेय."

माझी रवानगी मुलाखतीच्या खोलीत झाली. तिथे माणसं वरून हसतात आणि खाली त्यांचे पाय लटपटतात, ते फक्त मला दिसतं. "तुमचा एखादा दोष सांगा," म्हटलं की जो तो सांगतो, "मी जरा जास्तच काम करतो." खोटारडे कुठले! मी डुगडुगतो, ते निदान कबूल तरी करतो.

कंपनी इतकी फुगली की कोण कुठला ते कुणालाच कळेना. मग नव्याने आलेल्या बड्या साहेबांनी फर्मान काढलं. जुन्या प्रत्येकाने आपल्याच जागेसाठी पुन्हा मुलाखत द्यायची, पसंत पडला तर राहील, नाहीतर घरी. त्यात ताईचंही नाव होतं.

"ताई, नियम सगळ्यांना सारखा," धाकटा म्हणाला. "तुला वगळलं तर लोक काय म्हणतील?"

ती आली. समोर साहेब, शेजारी धाकटा. साहेबांनी कॉफीचा घोट घेऊन विचारलं, "तुम्हाला आमच्या कंपनीत का यावंसं वाटतं?"

ताईचा तळवा त्या काळ्या डागावर होता. तिने भावाकडे पाहिलं. "तू सांग ना रे. मला इथे का यावंसं वाटलं असेल?"

धाकट्याने लॅपटॉपमधून मान वर काढली नाही. "ताई, प्लीज. साहेबांना उत्तर दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब कोपर टेकून पुढे झुकले, तेवढी संधी मला पुरली. असा डुगडुगलो, की अख्खी कॉफी त्यांच्या कागदांवर! जन्मात पहिल्यांदा मी काही सांडलं आणि मला त्याचा काडीचाही पश्चात्ताप नाही.

ताई उठली. फोन काढला आणि आमच्याच ॲपवरून एक सुतार बोलावला. तो येऊन माझे पाय खोलायला बसला, तेव्हा धाकटा भानावर आला. "अगं, वेड लागलंय का? बाहेर माणसं मुलाखतीला खोळंबलीत!"

"टेबल आईचं आहे," ताई म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा."

लॅपटॉप छातीशी धरून तो रिकाम्या खोलीत उभा राहिला. मी मात्र आडवा होऊन, दिमाखात दाराबाहेर पडलो.

घरी आईने धास्तावून विचारलं, "झाली का गं मुलाखत?"

"झाली. नापास."

"अगं बाई! तू?"

"तो."

आईने फडकं ओलं केलं आणि मला कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढलं.

आता माझ्यावर पुन्हा ताईचा कॉम्प्युटर आहे, नवं काहीतरी शिजतंय. सुतार आखूड पाय नीट करून देत होता, पण ताई म्हणाली, "असू दे तसाच." धाकटा अजून फिरकलेला नाही. आला तर त्याची खुर्ची आहे, जेवायला बसावं. पण त्या काचेच्या खोलीत मला परत न्यायचं नाव काढाल, तर सांगून ठेवतो, मला अजून डुगडुगता येतं.