चाकूरचा घाणा कोणाच्या नावावर?

मित्रांनो, मी एक जुना लाकडी घाणा आहे. जुना म्हणजे आठ वर्षांचा. माझं उखळ बाभळीचं, त्यात फिरणारी लाट बाभळीची, खाली लोखंडी चौकट आणि बाजूला विजेची मोटर. चाकूरच्या रस्त्याला लागून एक पत्र्याचं शेड आहे, तिथं मी करडई, शेंगदाणा आणि तिळाचं तेल काढतो. आयुष्यात मी त्या शेडमधून तसूभरही हललो नाही. तरीही माझा मालक बदलला, आणि मधे काही दिवस तर मला मालक आहे की नाही हेच कोणाला सांगता येईना. हे सगळं कसं झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला उमगलं तर बरंच आहे.

माझा जन्म लातूरच्या एका कारखान्यात झाला. मला घ्यायला दीपाली आणि तिचा नवरा हनुमंत आले होते. हनुमंत एसटीत चालक, त्यामुळे तो मोटरीचा आवाज कान देऊन ऐकत राहिला. दीपालीनं मात्र सरळ उखळात हात घातला आणि आतलं लाकूड चाचपून पाहिलं. ती घाण्याचं आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आली होती. कारखान्यातल्या सुताराला तिनं विचारलं की लाकूड किती दिवस वाळवलंय. तो बिचारा गडबडला. मला तेव्हाच वाटलं, चला, आपल्याला चांगली मालकीण मिळाली.

माझा पहिला गोंधळ इथूनच सुरू होतो. शेडमध्ये मला बसवलं, नारळ फोडला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच सतरंजीवर परवान्याचा अर्ज भरायला घेतला. हनुमंतानं वाचून सांगितलं की हा एका माणसाचा धंदा राहील, सोपा आणि कमी खर्चाचा. यात धंदा वेगळा आणि माणूस वेगळा असं काही नसतं. ज्याचं नाव लागेल, तोच धंदा. मी कान टवकारले. आता दीपालीचं नाव लिहितील म्हणून वाट पाहू लागलो. हनुमंताची नोकरी सरकारी खात्यासारखी, त्याचं नाव चालणार नव्हतं. मग त्यानं लिहिलं, किशनराव.

किशनराव म्हणजे हनुमंताचा थोरला भाऊ. त्या घरात लाइटचं मीटर, ट्रॅक्टर, बोअरची मोटर, गॅसची टाकी, सगळं त्यांच्या नावावर. कर्ता माणूस असताना दुसऱ्याचं नाव लावलं की लोक विचारतात, वेगळे निघालात का? धाकट्या सुनेचं नाव लावावं हे तर कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. खरं सांगायचं तर दीपालीच्याही आलं नाही.

किशनराव माणूस देवासारखा होता, पण मला भिऊन असायचा. उभा जन्म शेतात गेलेला, माझ्या पट्ट्यात धोतर अडकेल म्हणून दारातूनच बोलायचा. वर्षातून दोन-तीनदा सही करायला यायचा, चिमूटभर ताजी पेंड तोंडात टाकायचा आणि जायचा. आणि हाच माझा मालक. सकाळी करडई पाखडणारी, लाट अडकली की आवाजावरून ओळखणारी, तेल दोन दिवस निवळायला ठेवून मगच बाटलीत भरणारी दीपाली माझी कोण, तर कागदावर कोणीच नाही. मी पुष्कळ विचार केला. घाण्याला डोकं नसतं असं लोक म्हणतात, पण डोकं असलेल्यांना तरी हे कुठं समजत होतं?

सहा वर्षं फार चांगली गेली. माझ्या करडईच्या तेलाचं नाव चाकूरच्या बाहेर गेलं. लग्नाच्या पंक्तींना माझं तेल जायचं, बाळंतिणीच्या घरी तिळाचं जायचं. नांदेडच्या एका मुलींच्या वसतिगृहानं तर दर महिन्याचे तेलाचे डबे ठरवून टाकले. अन्न परवान्याचा नंबर बाटलीवर होता, आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत किशनरावांचं नाव. लोक बाटली हातात घेऊन म्हणायचे, किशनरावांच्या तेलाला तोड नाही. दीपाली पदराला हात पुसत हसायची.

सातव्या वर्षी मार्गशीर्षात किशनराव गेले. रानातून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि लातूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तेरा दिवस मी बंद होतो. चौदाव्या दिवशी दीपालीनं बटन दाबलं तेव्हा माझ्याही अंगातून रडल्यासारखा आवाज निघाला. लाकूड वाळलं होतं, एवढंच नाही. मला त्या माणसाची खरंच आठवण येत होती.

आणि इथं त्या घराची चूक झाली. भावकीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं पडलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव कुठूनही काढायचं नाही. त्याचा आत्मा घराभोवती असतो, त्याला परकं वाटू नये. मायेनं सांगितलेली गोष्ट, सगळ्यांना पटली. मीटरवरचं नाव राहिलं, ट्रॅक्टरवरचं राहिलं आणि माझ्या परवान्यावरचंही राहिलं. मी तर पार चक्रावून गेलो. सकाळी लोक शेडमध्ये येऊन म्हणत, किशनराव फार लवकर गेले. आणि दुपारी त्यांच्याच नावानं तेल विकत घेऊन जात.

श्रावणात परवान्याची मुदत संपत आली आणि वसतिगृहाच्या बाईंनी नव्या परवान्याची प्रत मागितली. दीपाली अर्ज करायला गेली आणि काळवंडलेलं तोंड घेऊन परत आली. तिनं हनुमंताला जे सांगितलं ते मी ऐकलं. एका माणसाचा धंदा त्या माणसाबरोबरच संपतो. परवाना चालू ठेवायचा तर वारसानं तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यायला हवा होता. इथं आठ महिने झाले होते. म्हणजे मार्गशीर्षापासून मी जे तेल गाळत होतो ते एका संपलेल्या धंद्याचं होतं. मी धडधाकट, मोटर ठणठणीत, करडईची पोती भिंतीला लागलेली, आणि धंदा म्हणे नाहीच.

वसतिगृहानं डबे थांबवले. मी बंद पडलो. उखळात कोळ्यानं घर केलं, उंदरांनी पोती फोडली. दीपाली मात्र रोज यायची. काम नसताना माझी लाट पुसायची, चौकटीला तेलाचा हात द्यायची आणि कोपऱ्यात बसून राहायची. मित्रांनो, तिचं ते रिकामं बसणं मला फार लागलं.

आता मी कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. कंधारहून रामकिशन आला. हा किशनरावांच्या बायकोचा, म्हणजे मंजुळाबाईचा भाऊ. बरोबर मुदखेडचं एक गिऱ्हाईक होतं. त्यानं मला चारी बाजूंनी ठोकून पाहिलं. रामकिशन म्हणाला की घाणा दाजींच्या नावावर होता, म्हणजे तो आता मंजुळाक्काचा आणि तिच्या लेकीचा, पुनमचा. विकून मोकळं व्हावं. त्याचं काही खोटं नव्हतं. कागद तसंच म्हणत होता. हनुमंत मान खाली घालून उभा राहिला. नाव त्यानंच लिहिलं होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर मंजुळाबाई पहिल्यांदाच माझ्याजवळ आली. तोवर ती कधी शेडमध्ये आली नव्हती. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि शेजारच्या पिंपाला टेकून दीपालीला म्हणाली, "लोक म्हनायलेत घाणा माझा हाय. मला तर याचं बटन कुठं हाय ते बी ठावं न्हाई."

दीपालीनं तिला बटन दाखवलं. घाणा मागावा तरी कोणत्या तोंडानं, आणि न मागावा तर सात वर्षं गेली कुठं? तिचा हात बटनावरून लवकर निघाला नाही.

हनुमंतानं मग लातूरहून तनुजाताईंना बोलावलं. त्या धंद्यांची कागदपत्रं करून देतात. रामकिशनही हजर राहिला. तनुजाताई रिकाम्या डब्यावर बसल्या, मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि सगळ्यांना एकेक प्रकार समजावू लागल्या. मी जीव एकवटून ऐकत होतो, पण ऐकावं तितका गोंधळ वाढत होता. मंजुळाबाई वारस म्हणून एकटीच्या नावावर नवा धंदा सुरू करू शकते. दीपालीही स्वतःच्या नावावर करू शकते, पण मग तिच्याकडे घाणा नाही. दोघी भागीदारी करू शकतात. कंपनी काढता येते, अगदी एकटीचीसुद्धा, पण त्यात दरवर्षीचे हिशेब तपासून घेण्याचा खटाटोप मोठा. एकटीची कंपनी म्हणजे काय, ते मला आजही कळलेलं नाही. एकटी असेल तर कंपनी कसली?

मंजुळाबाई बराच वेळ ऐकत होती. मग तिनं विचारलं, "म्याडम, ह्यात मरत न्हाई असं कोन्तं हाय?"

तनुजाताईंनी लॅपटॉप मिटला. त्या सावकाश सांगू लागल्या की दोघींची साधी भागीदारी असेल तर एकजण गेली की ती संपते. पण एलएलपी नावाचा भागीदारीचाच एक प्रकार असतो. त्यात धंद्याला कायदा वेगळा माणूस मानतो. भागीदार गेला तरी धंदा राहतो, गेलेल्याच्या जागी ठरलेल्या मुदतीत दुसरा घ्यायचा. आणि धंदा बुडाला तरी सहसा घरादारावर जप्ती येत नाही.

"मग ते करा," मंजुळाबाई म्हणाली. "एक डाव बघितलं. परत बघायचं न्हाई."

रामकिशननं हरकत घेतली. अक्का घाणा घालतीय, मग धाकटी काय घालणार? नुसतं नाव? तनुजाताई म्हणाल्या की एलएलपीत केलेलं कामही भांडवल म्हणून धरता येतं, फक्त त्याची किंमत ठरवून करारात लिहावी लागते. दीपालीनं लगेच सांगितलं की थोडंसं लिहिलं तरी चालेल, आपली काही तक्रार नाही.

मंजुळाबाईनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तनुजाताईंना म्हणाली, "घाण्याची जेवढी लिवाल तेवढीच तिची लिवा. आमच्या मालकाच्या नावाचं तेल तिनंच काढलंय. त्यांना तर ह्याची भीती वाटायची."

रामकिशन उठून बाहेर गेला. थोड्या वेळानं आत आला तो सगळ्यांना चहा सांगूनच. माणूस वाईट नव्हता, बहिणीची काळजी होती त्याला. मुदखेडच्या गिऱ्हाइकाला त्यानंच फोन करून नाही कळवलं. पुनमनंही सासरहून आपलं संमतीपत्र पाठवून दिलं.

पुढच्या आठवड्यात तनुजाताई पुन्हा आल्या. संगणकावरची सही मिळवायला प्रत्येक भागीदाराला मोबाइलसमोर उभं राहून आपलं नाव सांगावं लागतं म्हणे. मंजुळाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि एका दमात सांगून टाकलं. दीपालीची पाळी आली. "मी दीपाली हनुमंत," एवढं म्हणून ती थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली. सात वर्षांत तिनं हजारो बाटल्यांवर दुसऱ्याचं नाव चिकटवलं होतं. धंद्यासाठी स्वतःचं नाव घ्यायची ही पहिलीच वेळ. मंजुळाबाई मोबाइलच्या मागं उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्याकडं बघून सांग." चौथ्या वेळी जमलं.

नव्या धंद्याला किशनरावांचंच नाव द्यावं असं हनुमंताचं म्हणणं होतं. मंजुळाबाईनं ऐकलं नाही. आता त्यांना मोकळं करा म्हणाली. नव्या नावाचा दाखला आला, नवा अन्न परवाना आला आणि वर्षश्राद्ध झाल्यावर दोन दिवसांनी मी पुन्हा फिरायला लागलो. उंदरांनी खाल्लेली करडई गेली ती गेलीच. वसतिगृहाचं काम मात्र परत आलं, निम्म्या डब्यांपासून सुरुवात झाली. मंजुळाबाई आता रोज येते आणि करडई पाखडते. बटन अजून भीत भीतच दाबते.

माझा गोंधळ म्हणाल तर तो काही मिटलेला नाही. मला वाटलं होतं, मी आता दोघींचा झालो. तनुजाताई म्हणतात, नाही, मी दोघींचाही नाही, मी एलएलपीचा. हा एलएलपी कोण, ते मला ठाऊक नाही. वर्ष झालं, एकदाही मला बघायला आला नाही. चहालाही नाही. कायद्यानं तो माणूस आहे म्हणतात, तर मग करडई पाखडायला कधी तरी यावं की त्यानं! पण तो मरत नाही, एवढ्याचसाठी मी त्याला मालक मानतो.

मित्रांनो, आम्हा घाण्यांना वेळेवर तेलपाणी करा, आमचं लाकूड वाळू देऊ नका, हे तर मी सांगणारच. पण आज घरी गेल्यावर आणखी एक काम करा. तुमच्या घरी दुकान असेल, गिरणी असेल, म्हशी असतील, तर तिथं पहाटेपासून राबतं कोण ते बघा, आणि मग कागदावर नाव कोणाचं आहे ते विचारा. दोन नावं वेगळी निघाली तर आत्ताच, सगळी माणसं घरात असताना, त्यावर बोला. आमच्या दीपालीला मंजुळाबाईसारखी जाऊ मिळाली. सगळ्यांनाच मिळते असं नाही.