बाबांनी खणलेला खड्डा

नववीला यंदा जागतिक संस्कृती नावाचा नवा विषय आला, तेव्हा निम्म्या वर्गाला वाटलं की नाचगाणी असणार. मृणाली मॅडमनी पहिल्याच तासाला सगळ्यांची हवा काढली. वर्षभरात काय काय होणार ते त्यांनी फळ्यावर लिहिलं: मेसोपोटेमिया, इजिप्त, सिंधू, चीन, रोम. "पाठांतर चालणार नाही," म्हणाल्या. "सनावळ्या मी विचारणारच नाही. मी एवढंच विचारणार, हे तुम्हाला कशावरून कळलं?" आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एक उत्खनन. अ तुकडीने, म्हणजे आम्ही, वस्तू पुरायच्या आणि ब तुकडीने त्या उकरून सांगायचं की इथे राहणारी माणसं कशी होती.

शाळेचं मैदान सिमेंटचं. खणणार कुठे? मी हात वर केला. राहनाळ गावात शाळेच्या भिंतीमागेच आमचं शेत आहे, चार वर्षं पडीक. "मॅडम, आमच्यात खणा," मी म्हणाले. मला कोणी विचारलं नव्हतं, मीच पुढे पुढे केलं. दोष वाटायला बसलो तर पहिला वाटा माझा.

माझ्या बाबांचं नाव चांगदेव. गावात शब्दाचा माणूस म्हणून त्यांना मान आहे, भांडणं मिटवायला त्यांना बोलावतात. मी जेवताना विचारलं तेव्हा ते जरासे थांबले, मग म्हणाले, "खना की. मीच येतो कुदल घेऊन." ते थांबणं मला दिसलं होतं. मला वाटलं, घास अडकला.

मॅडमची अट अशी की वस्तू वापरातली हवी, माणसाचा हात फिरलेली. पोरांनी घरातला कचरा काढला. विशालने टीव्हीचा मोडका रिमोट आणला, मी आईची कान तुटलेली कढई. हफसाने मात्र ओढणीत गुंडाळून धोटा आणला.

हफसा माझ्या बाकावर बसते. तिचे नाना, म्हणजे आईचे वडील नूरुद्दीन, यांचे भिवंडीत कापड विणायचे बारा लूम होते. नाना गेले आणि दोन वर्षांपूर्वी लूम भंगारात गेले. राहिला हा एक लाकडी धोटा, आडवा धागा घेऊन लूमवर इकडून तिकडे धावणारा. हात लागून लागून त्याचं लाकूड एका जागी खोलगट झालं होतं आणि बाजूला नानांनी खिळ्याने आपलं नाव कोरलं होतं. मॅडमना हवी होती तशी वस्तू पन्नास पोरांत तिनेच आणली होती. पण खड्ड्यापाशी आल्यावर ती सोडायलाच तयार होईना.

"नको यार," ती म्हणाली. "अम्मीला न विचारता आणलाय. नाना का और कुछ बचा ही नहीं हमारे पास." तिचे डोळे भरले होते.

"तीन-चार आठवडे तर आहेत," मी म्हणाले. "जागा आमची आहे. कोण नेतंय?"

बाबा कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते. ते वर आले, हात लेंग्याला पुसले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"बेटा, घाबरू नको. माझी जागा हाय. तुझ्या आज्याच्या वस्तूला कोन हात लावनार न्हाय. हा माझा शब्द."

हफसाने धोटा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो बिस्किटांच्या डब्यात ठेवला, डबा पिशवीत बांधला आणि स्वतः खाली उतरून कोपऱ्यात नीट बसवला. अख्खी तुकडी बघत होती. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका. मी वहीत लिहिलं: पुरल्याची तारीख, अकरा ऑक्टोबर.

दिवाळीत भाऊबीजेला आम्ही कोन गावाला आत्याकडे गेलो आणि चार दिवस राहिलो. शाळा उघडली त्या दिवशी भिंतीपलीकडून जेसीबीचा आवाज येत होता. मी बाकावर चढून खिडकीतून बघितलं. आमच्या शेतात छातीइतका मुरूम पडला होता आणि त्यावर रोलर फिरत होता. शनिवारपर्यंत वर काँक्रीटही झालं. राहनाळमध्ये गोडाऊन उभं राहायला वेळ लागत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

"अचानक पार्टी आली गो," बाबा म्हणाले. "त्यांना घाई. मी तरी काय करू?" त्यांचा चेहरा इतका पडला होता की मीच त्यांना पाणी आणून दिलं.

मॅडमनी उत्खनन रद्द केलं आणि इजिप्तवर तक्ते करायला सांगितले. विशालला रिमोटचं काही वाटलं नाही. हफसाने घरी सांगितलं. तिची अम्मी आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. हफसा माझ्याशी मात्र बोलत राहिली, डबाही रोज अर्धा द्यायची, आणि तेच मला जास्त लागायचं.

डिसेंबरात शिष्यवृत्तीच्या अर्जाला रेशन कार्डाची झेरॉक्स हवी होती. कपाटातल्या कागदांच्या पिशवीत मला शेत विकल्याचा करारनामा सापडला. शेवटच्या पानावर बाबांची सही आणि अंगठा, खाली तारीख. चौदा सप्टेंबर. मी दोनदा वाचली. मग दप्तरातून वही काढून पुन्हा ताडून बघितली, जणू वहीच खोटं बोलत असेल.

बाबा ओटीवर गाडी पुसत होते. मी कागद त्यांच्यासमोर धरला.

"तुम्ही खड्डा खणला तेव्हा जागा आपली नव्हतीच."

त्यांनी कागदाकडे बघितलं, मग आत आई आहे का ते बघितलं. "हळू बोल."

"तुम्हाला माहीत होतं."

"तू वर्गात सांगून आलेलीस. तुला न्हाय कसा बोलू? मला वाटला, पार्टी जानेवारीपर्यंत काय काम काढत न्हाय. तवर तुमचा खेल व्हऊन जाईल."

"मग हफसाला शब्द कशाला दिलात?"

"ती पोर रडत व्हती, नेत्रा. तिला गप करायला काय तरी बोलायला नको?" ते पुन्हा गाडी पुसायला लागले. "लाकडाचा तुकडा तर हाय. धोटे बाजारात ढिगानं मिलतात. दुसरा आनून देतो."

चिडून शिव्या देणारा बाप परवडला. हा माणूस तिच्यासमोर गुडघे वाकवून बसला होता, तिला बेटा म्हणाला होता आणि प्रेमाने बोलत बोलत केसाने गळा कापला होता. माझा वेगळा, तिचा वेगळा. आणि त्यांना अजून वाटत होतं की हिशेब एका धोट्याचा आहे. मी त्या रात्री जेवले नाही. आईला सांगितलं, पोट दुखतंय.

सकाळी शाळेत जाताना मी ठरवलं की हफसाला सगळं सांगायचं. रस्ताभर वाक्यं जुळवली. बाबांनी फसवलं, मला माहीत नव्हतं, मी माफी मागते. एवढंच तर होतं.

मधल्या सुट्टीत ती डबा उघडत होती. मी म्हणाले, "हफसा, ते शेताचं..."

तिने डबा तसाच ठेवला. "एक विचारू? काकांना आधी माहीत होतं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खड्ड्यापाशी बाबांकडे बघत होती तशीच ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे पुन्हा भरायला लागले होते.

"नाही गं," मी म्हणाले. "अचानक पार्टी आली."

तिने मोठा श्वास सोडला. "मी अम्मीला तेच सांगत होते. ती म्हणते, त्यांना माहीत असणार. मी म्हटलं, काका तसे नाहीतच." तिने पोळीचा अर्धा भाग माझ्यापुढे सरकवला. "त्यांना किती वाईट वाटलं असेल. त्यांना सांग, हफसा रागावलेली नाही."

मी मान डोलावली आणि पोळी खाल्ली. तिचा निरोप मी बाबांना अजून दिलेला नाही.