कालवाची शिंपी

कादरने एडनहून आणलेली बाटली अंगठ्याएवढी होती. आत लालभडक रंग, नखांना लावायचा. साल एकसष्ट. मालवणच्या त्या मोहल्ल्यात असली वस्तू कुणी पाहिली नव्हती, म्हणून दुपारपर्यंत सगळ्या बायका बघून गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत निकालही लागला. मेंदी चालते. ह्या रंगाची मात्र नखावर पापडी बसते, खाली पाणी पोचत नाही. पाणी नाही पोचलं तर वजू नाही, नमाजेआधीचं हातपाय धुणं नाही; वजू नाही तर नमाज नाही.

कादरची बायको जैतुन नमाज चुकवणारी नव्हती. पण नवरा दोन वर्षांनी बोटीवरून आलेला, त्याचं मन मोडवेना. तिने मार्ग काढला. महिन्यातले जे चार-पाच दिवस बाईला नमाज माफ असते, पढायचीच नसते, तेवढेच दिवस रंग लावायचा. मग कालवाच्या शिंपीने, धारदार शिंपल्याने, खरवडायचा आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं.

हुशारी केली खरी, पण एक गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही. आजवर ते दिवस आले की ती चुलीपाशी काम काढून बसायची, कुणाला काही कळत नसे. आता तेच ती दहा बोटांवर मिरवत होती.

आणि घरात सासू होती, हलीमाबी. लग्नाला सात वर्षं होऊन मूल नाही. कादर परत बोटीवर जाईपर्यंत दिवस राहिल्याचं कळलं नाही तर आचऱ्याची एक मुलगी बघून ठेवलीय, असं तिने दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. कादर माशाचे काटे काढत राहिला.

पहिल्या महिन्यात नखं लाल. दुसऱ्या महिन्यात लाल. तिसऱ्या महिन्यात तारीख टळली, वर वीस दिवस गेले, नखं कोरी. हलीमाबीने सुनेला कळशी उचलू दिली नाही. बांगड्याचा मधला तुकडा तिच्या ताटात पडायला लागला.

कादरचे आठ दिवस उरले होते, तेव्हा पहाटे न्हाणीत जैतुनला डाग दिसला.

रंग लावायचा नाही, बस. आठ दिवस नुसतं सासूशेजारी नमाजेला उभं राहायचं. कादर गेला की दोन वर्षं सुटका. तिने हातपाय धुतले, जानमाजवर, नमाजेच्या चटईवर, उभी राहिली. हलीमाबी नातवासाठी दुआ मागत रडत होती. जैतुनचे ओठ हलेनात. ती तशीच मागे सरली.

उजाडल्यावर ती दारात बसली आणि एकेक नख रंगवलं.

हलीमाबी बाहेर आली, बघत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आठ दिवस माका फसवला असतंस तर काय झाला असता? माका काय दुसरी सून आणूची हौस आसा?"

"तुमका फसवूक जमला असता. थंय जानमाजार उभ्यान नाय जमला."

"आता माका दिसला. आता मी गप कशी रवू?"

दुपारीच आचऱ्याला निरोप गेला. कादरने रजा वाढवून घेतली.

नवरीची मेंदी नवऱ्याच्या घरून जायची असते. ती जैतुनने पाट्यावर वाटली. हात मनगटापर्यंत लाल झाले, आणि त्या दिवशी तिची एकही नमाज चुकली नाही.

आचऱ्याला निघताना कादरने मान खाली घालून बाटली मागितली.

बाटली तिने दिली. रंग खरवडायची शिंपी दिली नाही.