तरंगणारे खडे

नागपूरजवळच्या कुहीच्या पुढे, धान कापून मोकळ्या झालेल्या एका बांधीत मांडव घातला होता. मांडवाच्या मधोमध पितळेचं घंगाळ, घंगाळात पाणी आणि पाण्यावर खडे तरंगत होते. हिरवट, गोलसर, काही वाटाण्याएवढे, काही बोराएवढे. माणसाच्या किडनीतले खडे आणि ते पाण्यावर तरंगतात! याहून मोठा चमत्कार तालुक्यात अलीकडे झाला नव्हता. एखाद्या उन्हाळ्यात दिवसभर वीज राहिली असती तर गोष्ट वेगळी.

"गोटा पाण्यात बुडते का तरंगते?" वितळणबाबांनी माइकवरून विचारलं.

"बुडते," मांडव म्हणाला.

"मंग हे काहून नाही बुडून राहिले?"

मांडवाने माना उंचावून घंगाळात पाहिलं.

"काहून का त्यातलं पाप मी काढून घेतलं. हलके झाले बिचारे. चरबी म्हणजे काय? साचलेलं पाप. पाप थिजलं का खडा होते. डॉक्टर खड्याले फोडते. आपण वितळवतो."

बाबांकडे जाड माणसांना पुढे बसवायची पद्धत होती. ज्याचं पोट मोठं, त्याचं पाप मोठं, त्याचा चमत्कारही मोठा. त्यामुळे ज्यांना बसमध्ये कोणी शेजारी बसवून घेत नसे, अशी माणसं इथे सतरंजीवर पहिल्या रांगेत विराजमान होती. त्यात अनंतराव होते. आणि बायकांच्या बाजूला, पदराने वारा घेत, त्यांची बायको तारा.

अनंतराव नागपुरातल्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. "अनंता, तुझं पोट ऑफिसात वेळेवर येते, तूच लेट होऊन राहिला," हा विनोद कचेरीत इतकी वर्षं चालला होता की त्याला पेन्शन लागू व्हायला हरकत नव्हती. अनंतराव प्रत्येक वेळी हसत. रात्री जेवताना मात्र एखाद्या दिवशी उगाच गप्प असत.

त्यांच्या डाव्या कुशीत कळ येऊ लागली तेव्हा सोनोग्राफी झाली. डॉ. प्रशिक रामटेके या तरुण डॉक्टरने फोटो दाखवून सांगितलं, की खडा किडनीतून निघून खालच्या नळीत अडकलाय, दुर्बिणीने काढू, पण लांबवू नका. आणि काका, पाणी वाढवा, पोट जरा कमी करा. यातलं शेवटचं वाक्य तेवढं अनंतरावांनी घरी आणलं.

बाबांनी तसं काही म्हटलं नाही. त्यांनी अनंतरावांच्या पोटावर तळहात ठेवला आणि माइक बाजूला करून हळूच विचारलं, "बाबू, ह्याले कोणी मायेनं हात लावला का कधी?"

अनंतराव रडले. चारचौघांत, खांदे हलवत. ताराला शंका होत्या, पुष्कळ होत्या. पण नवऱ्याचा तो चेहरा पाहून तिने त्या गिळल्या.

औषध सोपं होतं. दिवसभर उपास, संध्याकाळी एक पांढरी पूड, रात्री वाटीभर तेल आणि त्यावर पेलाभर लिंबाचा रस. सकाळी खडे पडायचे. ते धुऊन डबीत आणायचे आणि सर्वांसमक्ष घंगाळात सोडायचे. नियम एकच: खडा कोणत्या वाटेनं आला हे बोलायचं नाही. वाट सांगितली की तो परत जातो. खरं तर या नियमाची गरजच नव्हती. सकाळी संडासात काय दिसलं, हे आपल्याकडे कोण मांडवात उभं राहून सांगतो? बाबांचा अर्धा आश्रम आपल्या सभ्यतेवर उभा होता.

खडे घंगाळात सोडून परतताना ताराने बसमध्ये हळूच विचारलं, "अहो, लघवीच्या वाटेनंच आले ना?"

"तारा, लोकं ऐकून राहिले," अनंतराव खिडकीबाहेर पाहत म्हणाले. विषय संपला.

आणि खरोखर, थोड्या दिवसांत दुखणंही संपलं. ऑपरेशन रद्द झालं, कचेरीत पेढे वाटले गेले. अनंतरावांच्या खड्यांपैकी दोन प्रसाद म्हणून घरी परत आणले होते, ते डबीत घालून देवघरात ठेवले गेले.

मग मे महिना आला. नागपूरच्या मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पातळ होतं, चपलेला चिकटून घरापर्यंत येतं. एका दुपारी लाइट गेली, कूलर थांबला. संध्याकाळी दिवा लावताना ताराने डबी उघडली, तर आत खडे नव्हते. हिरवट तेल होतं. बोट बुडवून पाहिलं, तर बुळबुळीत. नळाखाली धरलं, तर बोटांना फेस आला. तिने दुसरा हात लावला, चोळला. फेस वाढला.

"अहो, इकडे या."

अनंतराव आले. त्यांनी बेसिनमधला फेस बोटाने चाचपला.

"गर्मीनं झालं असेल."

"गोटा गर्मीनं वितळतो? मग आपली भिंत कशी उभी आहे?"

"बाबांचा खडा आहे तो."

"बाबांचा नाही, तुमचा आहे. कुठून आला होता?"

अनंतराव खाली मान घालून म्हणाले, "मागून."

दुसऱ्या दिवशी डॉ. प्रशिक यांनी नवा फोटो पाहिला. जरा जास्तच वेळ पाहिला. मग खुर्ची ओढून अनंतरावांच्या समोर बसले.

"काका, खडा होता तिथेच आहे. तुम्ही धुऊन नेलात तो साबण होता. तेल, लिंबू आणि ती जुलाबाची पूड पोटात एकत्र आली, की आतड्यात अशा गोळ्या तयार होतात. तेलाच्या म्हणून तरंगतात. खरा खडा पाण्यात टाका, सरळ तळाला जातो. आणि किडनीतून आतड्यात जायला रस्ताच नसतो. मी आज रात्री तेच प्यालो तर उद्या सकाळी माझेही पडतील."

"मग दुखायचं काहून थांबलं?" अनंतरावांनी विचारलं. त्या प्रश्नात अजून थोडी आशा होती.

डॉक्टरने टेबलावरचा पेन उगाच सरळ केला. "लघवी अडली की किडनी फुगते, तेव्हा कळ येते. थोड्या दिवसांनी ती लघवी कमी करते, दाब उतरतो, कळ थांबते; पण अडथळा महिनोन् महिने राहिला, की ती हळूहळू काम सोडते. तेही न दुखता. तुमची डावी किडनी जवळजवळ गेली आहे, काका."

ताराने विचारलं, "तेव्हाच काढला असता तर?"

"बहुतेक वाचली असती."

अनंतरावांनी पडक्या आवाजात विचारलं, "चरबीचं तरी खरं होतं का?"

"अर्धं. पोटावर चरबी वाढली की लघवी आंबट होते, खडा धरायला सोपं जातं. त्यात आपलं ऊन आणि तुमचं खुर्चीवर बसून पाणी न पिणं. धोका वाढतो, एवढंच. सडपातळ माणसालाही खडा होतो. चरबी थिजून खडा होत नाही, आणि ते पाप तर मुळीच नाही. हे मी तेव्हा नीट बसून सांगायला हवं होतं."

पुढे खडा निघाला. किडनी परत आली नाही.

बरं वाटू लागल्यावर अनंतरावच म्हणाले, "कुहीले जाऊ." मांडव तसाच होता, घंगाळही. अनंतरावांनी त्यातला एक खडा उचलला, बाटलीतलं पाणी ओतलं आणि सर्वांदेखत हात धुतले. फेस त्यांच्या कोपरापर्यंत आला.

"साबण आहे हा," ते म्हणाले. "माझी एक किडनी गेली."

बाबा गडबडले नाहीत. "ज्याची श्रद्धा कच्ची, त्याचा फेस होते," ते माइकवर म्हणाले. मांडव हसला.

"पण दुखणं तर थांबलं ना गा तुमचं?" मागून एकाने विचारलं.

"थांबलं. मेलेल्या माणसाचंही थांबते."

मग आरती सुरू झाली आणि टाळ्यांत सगळं बुडालं. बाबांच्या सेवकांनी दोघांना हाताला धरून बाहेर आणलं, तेही अदबीने.

रस्त्यापर्यंत त्यांच्या मागे एक जोडपं आलं. मौद्याकडच्या यमुताई आणि त्यांचा नवरा धोंडबा. यमुताईंच्या हातात नारळ होता.

"बाई, आमच्या मालकाचं कालपासून दुखून नाही राहिलं. म्हणून नारळ द्याले आलो होतो. आता तुमचे मालक असं सांगते."

"फोटो काढला होता?" ताराने विचारलं.

"काढला होता. खडा होता त्यात."

"मग पुन्हा काढा, आजच. खडा गेला असेल तर फोटोत दिसणार नाही, मग खुशाल नारळ फोडा. खरी गोष्ट दुसऱ्यांदा तपासल्यानं खोटी होत नाही, ताई. जो तपासू देत नाही, त्याला विचारा की तो कशाला भितो."

यमुताई नवऱ्याकडे पाहू लागल्या. धोंडबा कुशीवर हात ठेवून हसत होता. किती तरी दिवसांनी सरळ उभं राहता आल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं.

"पण आता नाही दुखून राहिलं ना गा," तो म्हणाला.

अनंतरावांनी नागपूरच्या बसला हात दाखवला. "म्हणूनच चला."