चंद्रभानचं अक्षर

“‘आयोडीन’मधल्या ‘यो’ची मात्रा पुसट दिसून राहिली गा, चंद्रभान. लोकाइले वाचता आलं पाहिजे!”

भैय्याजींनी हटकल्यावर चंद्रभानने पुन्हा कुंचला फिरवला. इतवारीतल्या त्यांच्या मिठाच्या गोदामात पोत्यांवर नावं रंगवण्यातच त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. रिकामं पोतंसुद्धा लोक उलटं करून अंथरतात, त्याच्या अक्षरावर पाय पडू नये म्हणून, असं तो स्वतःच सांगायचा.

त्या वर्षी आयोडीनच्या मिठाची मागणी वाढली. नवा माल खरोखरच आयोडीनचा होता, पण जुनी साधी पोतीही पडून होती. “त्याच्यावरही तेच लिहून टाक,” भैय्याजी म्हणाले. “मीठ ते मीठ. कोणाले समजते?” चंद्रभानने सगळ्यांवर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलं. वर आपल्या वळणदार ‘क्त’चं त्याला कौतुकही वाटलं.

दिवाळीनंतर त्याच्या बायकोची, गोपिकेची, छाती धडधडायला लागली. गळ्यावरची गाठ तिला लग्नाआधीपासूनची. पदर ओढून घ्यायची आणि कामाला लागायची. आता मात्र हात थरथरत, अंगही वाळत चाललं होतं. धंतोलीतल्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरात मीठ कोणतं, ते विचारलं.

“आयोडीनचं!” चंद्रभान ऐटीत म्हणाला. “आमच्याच गोदामातलं.”

“बाकीच्यांना ते चांगलंच. पण गलगंडाची गाठ इतकी जुनी असली की एखाद्याला आयोडीन बाधतं. औषध देतो, आणि सध्या यांना साधं मीठ द्या.”

एवढंच ना? चंद्रभान हसत गोदामात गेला आणि थप्पीपुढे थबकला. जुनी-नवी पोती एकमेकांत मिसळली होती. सगळ्यांवर तोच शब्द, त्याच्याच हातचा. त्याने दोन पोती उसवून खडे जिभेवर ठेवून पाहिले. दोन्ही खारट. आपलंच अक्षर, आणि आपल्यालाच त्याचा भरवसा नाही! त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

“भैय्याजी, साधं कोणतं?”

“मले काय माहीत? तूच तर लिवलं.”

तेवढ्यात काटोलकडची मनकर्णाबाई तिच्या दुकानासाठी पोतं न्यायला आली. “नर्सबाईनं सांगतलं, पोटुशा बायांले आयोडीनचंच द्या म्हणून. हे त्यातलंच ना?”

“लिवलं हाये ना त्याच्यावर!” भैय्याजी म्हणाले.

तिने चंद्रभानकडे पाहिलं.

“लिवलं मीच, बाई. पण आत काय हाये, ते मले माहीत नाही.”

ती पोतं न घेताच गेली. भैय्याजी ओरडले नाहीत. “खाल्ल्या मिठाले चांगला जागला गा,” म्हणाले. “उद्यापासून येऊ नको.” आणि रंगाचा डबा उचलून आत घेऊन गेले.

संध्याकाळी तो मोकळ्या हातांनी घरी आला.

“मीठ नाही आणलं काहून?” गोपिकेने विचारलं.

“कोणतं आणू, तेच समजलं नाही. दुकानातही माझ्याच हातची पोती. खोटं लिहून राहिलो होतो वं मी.” मग त्याने काम गेल्याचंही सांगितलं. तिने चुलीजवळचा मिठाचा डबा उघडून पाहिला.

“डब्यात गोदामातलंच हाये थोडं,” ती म्हणाली. “मले चालत नाही, पण तुमच्या वरणात टाकते.”

त्याने वाटीवर हात आडवा धरला.

दोघं अळणी वरणभात जेवायला बसली. पहिला घास त्याच्या तोंडात नुसताच फिरत राहिला.

“दोन-चार दिवस जड जाईन,” थरथरत्या हाताने त्याला वाढत ती म्हणाली. “मंग होते सवय.”