खो-खोच्या खांबाने पाहिलेली नागू

मित्रांनो, मुडबीच्या शाळेमागच्या भिंतीला टेकलेलं, वाळवी चढलेलं एक लाकूड तुम्ही पाहिलं असेल. ते मीच. खो-खोचा जुना खांब.

मंठाळच्या शिवारात वादळाने पडलेल्या बाभळीतून गुरप्पा सुताराने मला काढलं. रंधा मारून झाला की तो आपला गाल माझ्यावर घासून बघायचा. "लेकरांचे हात लागणार हायती. टोचाय नको," म्हणायचा. मग मैदानाच्या टोकाला मला रोवलं. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, उन्हाळ्यात एरंडेल पाजलं जायचं.

खो-खोत पाठलाग करणाऱ्या मुलीला मधेच मागे फिरता येत नाही. वळायचं तर खांबालाच वळसा घालावा लागतो. म्हणून दमलेली, चिडलेली, घाबरलेली प्रत्येक मुलगी माझ्याकडेच धावत यायची. तळहात टेकला की तिच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं.

काशाप्पा मेंढपाळाची नागू सगळ्यांत चपळ. एका हाताने मला धरायचं, सगळं अंग बाहेर झोकून द्यायचं आणि पळणारीला शिवायचं, ही झेप तिच्यासारखी कुणालाच साधत नसे.

तेव्हा आमचा भाग म्हैसूर राज्यात होता. एका साली तालुक्याचे सामने आमच्या मैदानावर भरले. शेवटचा सामना मंठाळच्या शाळेशी; त्यांची शेवटची पळणारी माझ्याजवळ आली आणि नागूने झेप घेतली. घामाने तिचा हात माझ्यावरून निसटला. ती तोंडावर आपटली. पुढचा दात तुटला, सामना गेला, आणि बघणारे खदखदून हसले.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं 'दातपडी'.

मित्रांनो, दात तुटल्याची जखम भरली. नाव मात्र रोज नव्याने टोचत राहिलं. नागू तोंडावर हात ठेवून बोलू लागली. मग बोलेनाशीच झाली. मधल्या सुट्टीत मुली खेळत असताना ती माझ्याकडे पाठ करून बसायची. तिची पाठ दगडासारखी ताठ दिसायची मला.

एके दिवशी काशाप्पा मेंढरं घेऊन मैदानाच्या कडेने चालला होता. लेकीला पाहून थांबला.

"कामून एकलीच बसलीस?"

"अप्पा, मी शाळा सोडायलाव. मेंढरामागं येते."

"कुणी काय बोललं का?"

"कुणी न्हाई. मला कायच जमत न्हाई. मी तसलीच हाव."

मी तर बोलून चालून लाकूड. पण ते ऐकून माझ्या पायाखालची माती सैल झाल्यासारखं वाटलं. लोकांचे शब्द आता तिच्याच तोंडून निघत होते.

व्हरांड्यातून नलिनीबाईंनी हे ऐकलं. त्या खेळ शिकवत. त्या आल्या आणि नागूशेजारी मातीतच बसल्या.

"नागू, त्या दिवशी पडल्यावर तू काय केलंस?"

"रडले."

"त्याच्या आधी?"

नागू हळूच म्हणाली, "उठले. परकरानं रगत पुसलं अन् पुन्हा जाऊन बसले खेळायच्या रांगेत."

"ते कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं."

"पुन्हा पडले तर?"

"पडशील. मग काय करशील ते तुला ठाऊक आहे."

काशाप्पा अजून कडेलाच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "खेळ. मेंढरं मी बघतो."

नागू परत आली. पहिल्या दिवशी तिचा हात माझ्याजवळ येऊन मागे गेला. भीती होती. दुसऱ्यांदा लागला, सुटला, गुडघे फुटले. ती चिडली, मला लाथ मारली आणि पुन्हा धावत आली. किती वेळा पडली, मी मोजलं नाही. हळूहळू तिची पकड बदलली. आता ती मला घाबरून धरत नव्हती.

पुढच्या साली पुन्हा मंठाळच समोर. पुन्हा शेवटची पळणारी, पुन्हा तेच मैदान. खो मिळाला आणि नागू सुटली. तिची पावलं माझ्या बुडापर्यंत जाणवत होती. तळहात लागला, घट्ट बसला. तिने अंग झोकलं. बोटं त्या पोरीच्या पाठीकडे झेपावली, पण वीतभर अंतर राहिलं तेवढ्यात वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

मुडबी हरली.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दातपडी!"

माझ्या अंगातून कळ गेली. आता ही पोर मोडणार!

नागू उठली. परकर झटकला. तोंडावर हात न घेता तिने आवाजाच्या दिशेने पाहिलं.

"व्हय, मीच. पुढच्या साली बी या बघायला!"

आणि ती सरळ आपल्या संघातल्या धाकट्या चन्नव्वाकडे गेली. ती पोर हमसून रडत होती. "कामून रडायलीस? चांगली पळलीस की," म्हणत नागूने तिला जवळ घेतलं.

पुढे नागू दहावीत कन्नडमध्ये नापास झाली. निकालाच्या दिवशी ती एकटीच माझ्याजवळ येऊन बसली आणि पोटभर रडली. पण दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन आली. पुढच्या खेपेला पास झाली.

मित्रांनो, नंतर लोखंडी खांब आले आणि मला उपटलं. कुणी मला गुराचं दावं बांधलं, कुणी ओले कपडे वाळत घातले. मला थोडं तेल लावाल तर बरं वाटेल. पण तेल विसरलात तरी चालेल. तुमच्यातलं कुणी पडलं, तर एवढं करा: हसू नका, आणि लगेच उचलायलाही धावू नका. जवळ जाऊन बसा. त्याला स्वतः उठू द्या, आणि तो उठला हे तुम्ही पाहिलंत, असं त्याला सांगा.